पाटावर उभं राहून

घरमालकांनी किल्ली दिली त्या दिवशी बाथरूममध्ये एक लाकडी पाट होता. जेवायला बसतो तसला नव्हे. जाड फळीचा, पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकलेला, पाण्याने काळा पडलेला. मला तो किळसवाणा वाटला. आधीच्या भाडेकरूंनी टाकून दिलेला असणार, असं म्हणून मी तो उचलला आणि गॅलरीत नेऊन ठेवला.

माझं लग्न होऊन तीनच महिने झाले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याची नोकरी मानपाड्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात. पहिल्या पाळीला पहाटेच निघावं लागायचं, म्हणून डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडपासून जरा आत, एका तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर आम्ही जागा घेतली. अकरा महिन्यांचा करार. इमारतीच्या एका बाजूला भाताची खाचरं होती, दुसऱ्या बाजूला आणखी एका इमारतीचे नुसते खांब उभे होते आणि वारा फिरला की कारखान्यांचा आंबट वास थेट स्वयंपाकघरात यायचा.

मी ठाण्यात, नौपाड्यात वाढलेली. आमच्या घरी नळ सोडला की पाणी यायचं, बटण दाबलं की दिवा लागायचा, आणि त्यामागे कुणाला काही करावं लागतं हे मला बावीस वर्षांत जाणवलंच नव्हतं. इथे एकेक गोष्ट बसवून घ्यायची होती. विजेचा मीटर अजून आधीच्या भाडेकरूच्या नावावर. गॅस ठाण्यातल्या एजन्सीकडून डोंबिवलीत बदलून आणायचा, त्याला रेशन कार्डावर नवा पत्ता हवा, आणि रेशन कार्डावर पत्ता चढवायला घरमालकांचं पत्र हवं. घरमालक कल्याणला राहायचे आणि तिथे गेलं की ते नेमके बाहेर गेलेले असायचे. तोवर रॉकेलचा स्टोव्ह.

या सगळ्यात आमच्या मदतीला धावून आले ते खालचे काका. आमच्या बरोबर खालच्या जागेत राहायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा, बोलणं अगदी मृदू. सामानाचा टेम्पो आला त्या दिवशी तेच आधी चहाची किटली घेऊन वर आले.

"सूनबाई, काही लागलं तर हाक मारायची. संकोच करायचा नाही."

मीटरच्या नावबदलाचा अर्ज त्यांनीच लिहून दिला. अक्षर मोत्यासारखं. विजेच्या ऑफिसात कुठल्या खिडकीवर जायचं, कुणाची सही घ्यायची, सगळं त्यांना पाठ. फक्त एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली.

"अर्जात वायरिंग तपासून द्या वगैरे लिहू नका हं. उगाच माणसं घरात शिरतात, दहा चुका काढतात. नावापुरतंच मागायचं."

मी मान डोलावली. वडीलधारं माणूस सांगतंय, आपल्या भल्याचंच असणार.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती अर्ज आणायला. आतल्या खोलीत काकू पलंगावर होत्या. संधिवाताने हातपाय वाकून गेलेले, बोटं तर झाडाच्या मुळांसारखी. चार वर्षं त्या उठल्या नव्हत्या. काका रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचं सगळं अंग गरम पाण्याने शेकायचे. बादलीत विजेची कॉइल सोडलेली, शेजारी टॉवेलांच्या घड्या. काकूंनी माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. मी बाहेर आले तेव्हा मनात आलं, असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

निघताना काकांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या बाथरूममध्ये पाट होता ना?"

"होता. गॅलरीत टाकलाय. फार घाण झाला होता."

"घासून घ्या आणि तिथेच ठेवा. फरशी गुळगुळीत आहे, पाय सरकतो. पाटावर उभं राहूनच नळ सोडत जा."

मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

राहायला येऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी सातची वेळ. नवरा कामावर गेलेला. मी केस धुवायला बसले होते, ओल्या हाताने नळाची चावी धरली आणि मनगटापर्यंत मुंग्या आल्या. हात आपोआप मागे आला. वाटलं, अवघडला असेल. पुन्हा धरली. पुन्हा तेच, या वेळी कोपरापर्यंत. आत कुणीतरी बारीक सुया चालवाव्यात तसं. पाणी अर्धवट सोडून, डोक्याला शिकेकाई तशीच ठेवून मी बाहेर येऊन बसले.

दुपारी नवरा आला. मी सांगितल्यावर त्याने हत्यारांच्या डब्यातून टेस्टर काढला. नळाला लावला. टेस्टरमधला दिवा लागला नाही. स्वयंपाकघरातल्या नळाला लावला, तिथेही नाही.

"काही नाही गं. नवी जागा आहे, एकटी असतेस. मनाचे खेळ असतात."

"अहो, माझ्या हाताला कळत नाही का?"

"मग मला का नाही कळत?"

त्याला कळणार नव्हतं, कारण तो पहाटे अंघोळ करून निघायचा. मुंग्या यायच्या त्या साडेसहा ते आठ, आणि संध्याकाळी पुन्हा तासभर, तेव्हा तो पेपर वाचत बसलेला असायचा. ही वेळ मला आठवड्याभरात ध्यानात आली. एका संध्याकाळी मी त्याला हाताला धरून नळापाशी नेलं. टेस्टरमध्ये अगदी अंधूक, राखेखालच्या निखाऱ्यासारखा दिवा दिसला. त्याने टेस्टर पुसून पुन्हा लावून पाहिला. मग म्हणाला, "भिंतीत ओल असेल. घरमालकांना सांगू."

घरमालकांना निरोप गेला. उत्तर आलं नाही.

समोरच्या वहिनींना मी विचारलं. त्या दोन मुलांच्या गडबडीत असायच्या, पण माझा प्रश्न ऐकून त्यांनी दार थोडं लोटून घेतलं.

"तुम्ही पाट नाही ठेवत?"

"म्हणजे?"

त्यांनी मला आत नेऊन दाखवलं. बाथरूममध्ये पाट, तसाच, ट्यूबचे तुकडे ठोकलेला. स्वयंपाकघरात ओट्यासमोर दुसरा. "वरच्यांकडे पण आहे. सवय होते हो. सकाळी पाणी भरून ठेवायचं, त्या वेळात नळाला हात लावायचा नाही."

"पण हे कशामुळे होतं?"

"कुणास ठाऊक. बिल्डरने कामच तसलं केलंय म्हणतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या आधीचे होते ना, त्यांची मुलगी. दुसरीत होती. बाथरूममध्ये पडली. हात मोडला, दोन दिवस नीट बोलत नव्हती. पाय घसरला असं सगळे म्हणाले. महिन्याभरात ते जागा सोडून गेले."

त्या दिवशी मी गॅलरीतला पाट घासून पुन्हा आत ठेवला. घासताना त्याच्या एका कडेवर पेन्सिलीने काढलेलं फूल दिसलं. ते घासूनही गेलं नाही.

त्यानंतर त्या जागेत मी कधी सहज वावरले नाही. नळ दिसला की आधी पायाकडे नजर जायची.  खालून बादलीचा, टॉवेल पिळल्याचा आवाज यायचा, काका काकूंशी हळू बोलत असायचे. त्याच वेळी माझे नळ जिवंत व्हायचे. दोन्ही गोष्टी मी रोज ऐकत, पाहत होते आणि एकमेकींना जोडत नव्हते. आज विचार करते तर वाटतं, जोडायच्याच नव्हत्या मला.

त्याच सुमारास आमच्याकडे धुण्याभांड्याला मावशी यायला लागल्या. जवळच्याच आगरी गावातल्या. ज्या जमिनीवर इमारत उभी होती तिथे त्यांच्या सासऱ्यांची भाताची खाचरं होती, हे त्या हसत हसत सांगायच्या. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "बाय, तुज्या नलाला मुंग्या येतान. मी आपली बादलीनशी पानी घेन." मी त्यांना रोज मोठी बादली आधी भरून ठेवायचे.

दिवाळीनंतर इमारतीच्या पाण्याच्या पाइपला गळती लागली. जमिनीतून वर येणारा लोखंडी पाइप गंजून चाळण झाला होता. सगळ्यांनी मिळून तो बदलायचं ठरवलं आणि अर्थातच पुढाकार काकांचा. प्लंबर त्यांनीच आणला, दिवसभर उन्हात खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसले. संध्याकाळपर्यंत जमिनीतला सगळा भाग प्लॅस्टिकचा झाला. वरचा लोखंडी तसाच. काका समाधानाने म्हणाले, "आता वीस वर्षं बघायला नको."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सुट्टी नव्हती. नव्या पाइपातून पाणी जोरात येत होतं, त्याचं मला कोण कौतुक. मी बादली भरली ती पहाटेच, पण कपडे भिजवण्यात संपवून टाकली. मावशी सातच्या पुढे आल्या. मी स्वयंपाकघरात स्टोव्हला पिन मारत होते. मोरीतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. भांडं पडल्यावर मावशी नेहमी काहीतरी पुटपुटायच्या.

मी वळून पाहिलं. भांड्यांना जागा व्हावी म्हणून पाट भिंतीला उभा करून मावशी ओल्या फरशीवर उभ्या होत्या आणि त्यांचा उजवा हात नळाला चिकटला होता. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. सगळं अंग थरथरत होतं आणि डोळे माझ्यावर रोखलेले होते.

मी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले. हात लावला तर आपणही चिकटू, एवढं कुठून तरी आठवलं. कपडे वाळत घालायची बांबूची काठी दाराशी उभी होती. ती घेऊन मी त्यांच्या मनगटावर मारलं. एकदा, दोनदा, मग सगळी ताकद लावून तिसऱ्यांदा. हात सुटला आणि त्या भिंतीवर आपटून खाली बसल्या. मी किंचाळत होते हे मला समोरच्या वहिनी धावत आल्या तेव्हा कळलं.

मावशींचा श्वास चालू होता. तळहातावर नळाच्या चावीची काळी खूण उमटली होती, आणि जळक्या कातड्याचा वास. वहिनींनी त्यांना ओढून बाहेरच्या खोलीत नेलं. मी मात्र मोरीच्या दाराशीच उभी होते. चपला घालून मी फडताळातला टेस्टर घेतला आणि नळाला टेकवला. दिवा लखलखीत पेटला. इतका लाल मी तो कधीच पाहिला नव्हता.

"काय झालं, काय झालं?" करत काका जिना चढून आले. हातात ओला टॉवेल तसाच. त्यांनी बाहेरच्या खोलीत आडव्या पडलेल्या मावशींकडे पाहिलं. मग आत माझ्याकडे, माझ्या हातातल्या टेस्टरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला की क्षणभर वाटलं, आता हेही पडतात. ते वळले आणि भराभर जिना उतरून गेले.

मी टेस्टर तसाच धरून होते. खाली त्यांचं दार वाजलं. चार-पाच पावलांचा आवाज आला. आणि माझ्या हातातला लाल दिवा विझला.

मावशींना रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, हाताला मलमपट्टी केली, म्हणाले, थोडक्यात वाचल्या. संध्याकाळी नवरा कारखान्याच्या वायरमनला घेऊन आला. अबोल, बुटका माणूस. त्याने आमचं घर पाहिलं, मीटरच्या फळीपाशी गेला, मग खालच्या दारावर टकटक केली. काकांनी दार उघडून त्याला आत घेतलं. काही विचारलंही नाही.

पाच मिनिटांत त्याने आम्हाला बोलावलं. ओट्याच्या खाली, पिठाच्या डब्यामागे, नळाच्या पाइपला एक तांब्याची वायर घट्ट पिळून बांधलेली होती.

वायरमन मला समजेल असं सांगू लागला. "ताई, वीज एका वायरने येते, काम करून दुसऱ्या वायरने मीटरमधूनच परत जाते. यांनी परतीची वायर मीटरकडे नेलीच नाही, पाइपला बांधली. कॉइल चालते, मीटर फिरत नाही. पाइप जमिनीत होता तोवर करंट जमिनीत जिरायचा, तुम्हाला नुसत्या मुंग्या. काल जमिनीतला पाइप प्लॅस्टिकचा झाला. आता त्याला जायला वाट नाही. जो हात लावेल त्याच्यातून जाणार." आणि मग कपाळ पुसत म्हणाला, "एवढंच नाही. या बिल्डिंगला अर्थिंगच नाही. वायर खाली येते आणि मातीत नुसती खोचलेली आहे. बिल्डरने पुरलंच नाही काही."

त्याने वायर कापली. तिचा तुकडा ओट्यावर ठेवला. आतल्या खोलीतून काकूंनी बारीक आवाजात विचारलं, "कोण आलंय हो?" काकांनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"किती दिवस होतं हे?" नवऱ्याने विचारलं.

"चार वर्षं," काका म्हणाले. "तिला शेक दिल्याशिवाय ती रडते. दिवसात दोनदा, तासतासभर कॉइल. माझ्या पेन्शनीत..." ते थांबले. "काल पाइप बदलला त्याने असं होईल हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं, सूनबाई."

ते खरं असणार. माहीत असतं तर खुर्ची टाकून बसले नसते. पण माझ्या डोळ्यांपुढे पाटाच्या कडेचं ते फूल आलं.

"आणि ती आधीची मुलगी?" मी विचारलं.

काका फरशीकडे बघत होते. म्हणाले, "तेव्हापासूनच मी सगळ्यांना पाट ठेवायला सांगतो."

  त्यांच्या जागी एखादा गुरगुरणारा, दुष्ट माणूस असता तर मी ओरडले असते. हा माणूस मुलीचा हात मोडलेला पाहून घरी आला, त्याने विचार केला, आणि वायर सोडण्याऐवजी पाट केले. बहुतेक स्वतःच्या हाताने केले असणार. ट्यूबचे तुकडे मापात कापून, खिळे ठोकून.

तक्रार करायची की नाही यावर इमारतीत दोन दिवस खल झाला. गच्चीवर सगळे जमले. कुणी म्हणालं, बाई अंथरुणाला खिळलेली आहे, जाऊ द्या. कुणी म्हणालं, तपासणी आली तर सगळ्यांचेच मीटर बघतील. तेव्हा दोघातिघांनी खाली पाहिलं, ते मला दिसलं. मावशींचं नाव कुणी काढलं नाही. मी नव्याने आलेली सून, मोठ्यांत बोलायची सवय नव्हती. तरी मी म्हणाले, "ज्यांचा हात भाजला त्यांना तर विचारा."

मावशी चौथ्या दिवशी आल्या, हात गळ्यात अडकवून, बरोबर त्यांचा दीर. त्याला वाटत होतं आमच्या घरात दोष आहे. मी मावशींना सगळं सांगितलं, काही न लपवता. दीर तापला, खाली निघाला. मावशींनी त्याला हाताने मागे सारलं आणि एकट्याच खाली गेल्या. मी जिन्यात उभी होते, उघड्या दारातून आतलं दिसत होतं. काका दारात हात जोडून उभे होते. मावशी त्यांच्या बाजूने आत गेल्या, काकूंच्या पलंगापाशी थांबल्या, त्या वाकड्या बोटांकडे बघत राहिल्या. मग बाहेर आल्या.

"म्हातारीला काय ठाव नाय," त्या मला म्हणाल्या. "पन बाय, तू लिव. उद्या दुसरीची पोर चिकटंल."

मी अर्ज लिहिला. नवऱ्याने सही केली. विजेच्या ऑफिसातून माणसं आली, काकांची वीज तोडून गेली. थंडीचे दिवस होते. समोरच्या वहिनी, मी आणि वरच्या मजल्यावरच्या एक बाई, आळीपाळीने स्टोव्हवर पाणी तापवून खाली नेऊन देत होतो. मी पातेलं दारात ठेवायचे आणि काका ते आत न्यायचे. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो. काकूंना वाटत होतं कॉइल बिघडली आहे. त्या आतून म्हणायच्या, "किती गं गुणाची सून." ते ऐकायला लागू नये म्हणून मी पळत वर यायचे.

दीड महिन्यांनी त्यांची वीज पुन्हा आली. अर्थिंग मात्र कुणीच केलं नाही. घरमालक म्हणाले बिल्डरला सांगा, बिल्डर सापडत नव्हता. मावशींची दोन बोटं कायमची आखडली. त्या आमच्याकडे येत राहिल्या, पण नळ मीच सोडायचा आणि बंदही मीच करायचा. त्या लांब उभ्या राहायच्या.

करार संपायला महिना राहिला होता, तेव्हा एका सकाळी भाजी धुताना माझ्या बोटांना पुन्हा मुंग्या आल्या. अगदी हलक्या. मी टेस्टर आणला. तीनदा लावला, तिन्ही वेळा दिवा लागला नाही. खाली टॉवेल पिळल्याचा आवाज येत होता. तो खरा करंट होता की माझा हातच आता नळाला भ्यायला शिकला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. मी कुणाला काही बोलले नाही. गॅसचा नंबर नुकताच लागला होता, सिलिंडर घरात येऊन आठवडाही झाला नव्हता; तरी नवऱ्याला म्हटलं, आपण कल्याणला जागा बघू.

सामान बांधत होतो तेव्हा नवे भाडेकरू जागा पाहायला आले. आमच्याएवढंच जोडपं, तिला सातवा महिना असेल. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं: वायर, प्लॅस्टिकचा पाइप, मावशी, ती दुसरीतली मुलगी, नसलेलं अर्थिंग. तिने लक्ष देऊन ऐकलं. मध्येच मान वळवून खिडकीतून येणारा उजेड पाहिला, ओट्यावरून हात फिरवला. तिचा नवरा बाहेरच्या खोलीत घरमालकांशी बोलत होता, आणि दारात काका चहाची किटली घेऊन उभे होते.

"बरं," ती म्हणाली. "आणि पाणी किती वाजता येतं इथे?"